लुटीची गोडी

१/ सांगाडा कोसळतो, हाडे फरशीवर विखुरतात आणि त्या ढिगाऱ्यातून एक नाजूक किणकिण ऐकू येते. १९९६ च्या अगदी अखेरीस आलेला ‘डायाब्लो’ ज्यांनी खेळला आहे, त्यांच्या कानांतून तो आवाज जात नाही. अंगठी पडली! ती कोणती, तिच्या अंगी काय गुण, हे अजून ठाऊक नाही. संगणकावरील रोल-प्लेइंग खेळांची निम्मी गोडी त्या ‘अजून ठाऊक नाही’मध्ये साठलेली असते. हा धागा त्या गोडीच्या इतिहासाचा.

२/ आधी शब्दाविषयी. ‘लूट’ हा शब्द इंग्रजीत गेला तो भारतातून, कंपनी सरकारच्या काळात. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याची रीतसर नोंद आहे. आज पुण्या-नाशिकचा एखादा मुलगा हेडफोन लावून मित्राला ‘लूट भारी मिळाली’ असे ओरडून सांगतो, तेव्हा तो शब्द विलायतेची वारी करून घरी परतलेला असतो.

३/ खऱ्या इतिहासात मात्र लूट म्हणजे बेहिशेबी हाती लागलेले घबाड नव्हे. सभासद बखरीतील लष्कराची व्यवस्था पाहावी. दसऱ्याला फौज मुलूखगिरीस निघे, त्या वेळी प्रत्येकाजवळील चीजवस्तूची यादी होई. आठ महिन्यांनी फौज परतली की झाडा घेतला जाई. यादीहून अधिक निघाले तर ते सरकारात जमा व्हावे किंवा वेतनातून वजा व्हावे, असा दंडक होता. १८१७-१८ च्या युद्धात इंग्रजांनी पेशव्यांचा खजिना घेतला. त्याच्या वाटणीवरून त्यांच्याच दोन सेनापतींच्या फौजांत तंटा लागला आणि तो वर्षानुवर्षे चालला. नाशिकचा प्रसिद्ध हिरा त्याच लुटीतला. इतिहासातील लुटीपुढचा प्रश्न नेहमी ‘कोणाची?’ हा राहिला.

४/ खेळाने प्रश्न बदलला. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला, तीन छोट्या पुस्तिकांत. त्यांपैकी दुसऱ्या पुस्तिकेचा विषयच राक्षस आणि खजिना हा होता. कोणत्या प्राण्याच्या गुहेत नाणी, रत्ने, जादूच्या वस्तू निघण्याची शक्यता शेकडा किती, याचे तक्ते त्यात होते. फासा टाकायचा आणि तक्ता पाहायचा. ‘कोणाची?’च्या आधी आता ‘काय निघेल?’ आले. शिवाय बाहेर आणलेल्या दर सुवर्णमुद्रेमागे एक अनुभवगुण मिळे. म्हणजे शत्रूला न मारता त्याचे धन गुपचूप पळवणारा शहाणा ठरे. पुढच्या संगणकीय खेळांनी हा गनिमी शहाणपणा बहुतांशी गमावला, ही खेदाची गोष्ट आहे.

५/ फाशांचे तक्ते संगणकाला सोपे. १९७५ च्या सुमारास अमेरिकी विद्यापीठांतील ‘प्लेटो’ या शैक्षणिक यंत्रणेवर विद्यार्थी भुयारांचे खेळ लिहू लागले. त्यांतल्या एकाचे नाव ‘पेडिट५’, मुद्दाम निरस, कोणाच्या नजरेत भरू नये असे. व्यवस्थापकांच्या नजरेत ते भरलेच आणि खेळ पुसला गेला.

६/ खरी उडी १९८० मधली. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी ‘रोग’ रचला. चित्रे नाहीत. पडद्यावर केवळ टंकातील अक्षरे. खेळाडू म्हणजे ‘@’ हे चिन्ह. दर डावात भुयार नवे, आणि मेल्यावर डाव पुन्हा पहिल्यापासून. पण या खेळाची प्रतिभा वस्तूंच्या नावांत होती. काढ्याचा केवळ रंग कळे, मंत्राच्या गुंडाळीवर निरर्थक अक्षरे असत, अंगठीचा खडा तेवढा दिसे. निळा काढा एका डावात जखम भरून काढी, पुढच्या डावात तोच आंधळे करी. ओळख पटवायची तर पिऊन पाहायचे, वाचून पाहायचे, बोटात घालून पाहायचे. आणि अंगठी शापित निघाली तर ती बोटातून निघत नसे. पोतडीत दहा अनोळखी वस्तू घेऊन मरणाच्या दारात उभ्या असलेल्या खेळाडूला त्यातली एक निवडावी लागे. लूट ही तिथे संपत्ती नव्हती, ती पैज होती.

७/ ‘रोग’च्या वंशात १९८३ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात ‘मोरिया’ आला, १९९० मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात ‘अँगबँड’. या दोहोंत रात्री घालवणाऱ्या विद्यार्थ्यांत डेव्हिड ब्रेविक नावाचा एक तरुण होता. ‘डायाब्लो’ची मूळ कल्पना त्याची.

८/ आरंभी ‘डायाब्लो’ही ‘रोग’प्रमाणे पाळीपाळीने खेळायचा होता: एक चाल खेळाडूची, एक शत्रूची. ती पद्धत मोडून खेळ अखंड चालता करावा, हा आग्रह पुढे धरला गेला आणि ब्रेविकला तो प्रथम रुचला नाही. बदल करून त्याने सांगाड्यावर क्लिक केले, सांगाडा तत्क्षणी कोसळला आणि त्याचा विरोध तिथेच विरघळला. घाव आणि फळ यांमधले अंतर नाहीसे झाले होते. निळ्या अक्षरांत जादूची वस्तू, सोनेरी अक्षरांत एकमेवाद्वितीय वस्तू, हा संकेतही याच खेळाने रूढ केला. ती ओळखून घ्यायला गावातील डेकार्ड केन या वृद्धाला १०० मुद्रा द्याव्या लागत. तो ‘थांब, जरा बस, ऐक’ अशा थाटाचा म्हातारा खेळाडूंना का आवडे? कारण तो निकाल लांबवत असे.

९/ येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात प्राण्यांवरील, प्रामुख्याने कबुतरांवरील प्रयोग मांडले. दाणा केव्हा मिळेल हे अनिश्चित ठेवले की कबूतर बटणावर न थकता चोच मारत राहते. मग खेळाडू म्हणजे चोच मारणारे कबूतरच काय? अंशतः होय. पण कबूतर दाण्याची कहाणी सांगत नाही. ‘डायाब्लो २’चा खेळाडू वीस वर्षांनीही सांगतो की अमुक तलवार कोणत्या गुहेत, कोणाच्या संगतीत, पहाटे किती वाजता पडली.

१०/ ‘डायाब्लो २’ जून २००० मध्ये आला आणि त्याच्या बाजारात एक मौज घडली. सोन्याचा इतका सुकाळ झाला की त्याला किंमतच उरली नाही. खेळाडूंनी ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाची अंगठी चलन म्हणून स्वीकारली: दुर्मिळ, पोतडीत एकच घर अडवणारी, सर्वांना हवीशी. मग लबाडांनी तिच्या खोट्या नकला पाडल्या. नाणेशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवे काही वाटू नये.

११/ एकट्याच्या खेळात ‘कोणाची?’ हा प्रश्न उठत नाही. चाळीस-पन्नास जण मिळून एक ड्रॅगन मारतात आणि वस्तू निघतात दोन, तेव्हा तो पुन्हा दारात उभा राहतो. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मधील टोळ्यांनी त्यावर वही काढली. मोहिमेला हजर राहिल्याचे गुण जमा, वस्तू घेतली की गुण वजा. खेळाचा आनंद लुटायला आलेली माणसे रात्री दोन वाजता हिशेब तपासत बसत. सभासदाला हा झाडा अनोळखी वाटला नसता.

१२/ आता या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रसंग. १५ मे २०१२ रोजी ‘डायाब्लो ३’ आला. आधीच्या खेळात वस्तूंची चोरटी विक्री आणि फसवणूक फार झाली होती. म्हणून निर्मात्यांनी खेळातच अधिकृत लिलावघर उघडले. एक खेळातील सोन्यावर चालणारे, दुसरे खऱ्या पैशांवर. शस्त्र-चिलखताची कमाल किंमत २५० डॉलर, दर विक्रीमागे १ डॉलर दलाली. हेतू वाईट नव्हता. परिणाम मात्र विपरीत झाला. राक्षस मारून मिळालेली गदा हातात पडताच खेळाडू तिचा बाजारभाव पाहू लागला. उत्तम वस्तू हवी तर गुहेत उतरण्यापेक्षा लिलावघराच्या पायऱ्या चढणे सोपे होते. वस्तू तीच, तिचे आकडे तेच. पण ती सापडलेली नव्हती, आणलेली होती. रणभूमीचे दुकान झाले.

१३/ निर्मात्यांनी हे मान्य केले, ही त्यांची थोरवी. मूळ दिग्दर्शक जे विल्सन यांनी २०१३ मध्ये जाहीर व्याख्यानात कबुली दिली की लिलावघराने खेळाची हानी केली. फेब्रुवारी २०१४ मध्ये लुटीची पद्धतच नव्याने रचण्यात आली: वस्तू कमी पडतील, पण खेळाडूच्या पात्राला साजतील. तीन आठवड्यांनी, १८ मार्च २०१४ रोजी, लिलावघर कायमचे बंद झाले. पैसा मिळवून देणारे दुकान खेळात रस राहावा म्हणून मालकानेच बंद केले, अशी उदाहरणे या धंद्यात मोजकीच.

१४/ धंद्याने उलटाही धडा घेतला. इतर खेळांत पैसे भरून उघडायच्या बंद पेट्या आल्या. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही प्रसिद्ध खेळांतील अशा पेट्या बेकायदा जुगार ठरवल्या. ‘रोग’मधील अनोळखी काढा आणि ही पेटी वरवर सारखीच दिसतात. काढ्याची किंमत खेळाडू आपल्या जोखमीने, आपल्या अकलेने चुकवी. पेटीची किंमत बहुधा वडिलांच्या कार्डातून जाते.

१५/ २०२१ मध्ये ‘डायाब्लो २’ नव्या चित्रांसह पुन्हा प्रसिद्ध झाला. मुळाशी खेळ जुनाच ठेवला. जमिनीवर पडलेले सोने आपोआप गोळा होण्याची सोय मात्र नवी आली, आणि तिच्याविरुद्ध फारशी ओरड झाली नाही. अंगठी अजूनही हाताने उचलावी लागते.