साडेसात इंच

टेप. पाव इंच रुंदीची, तपकिरी; एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. गाणं मंद बाजूवर. सेकंदाला साडेसात इंच या वेगानं ती हेडवरून सरकायची. आकाशवाणीत शिरल्यावर थोड्याच दिवसांत वेळ फुटांत आणि इंचांत मोजायची सवय लागली. १२०० फुटांचं स्पूल म्हणजे ३२ मिनिटं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम म्हणजे सव्वाअकराशे फूट. वक्त्याचा खोकला अडीच इंच. उद्घोषिकेनं वाक्याआधी घेतलेला श्वास तीन-साडेतीन.

ब्लेड. दाढीचंच. टेप कापायला. आधी कापायची जागा शोधायची: दोन्ही स्पुलांवर हात ठेवून टेप हेडवरून मागे-पुढे हलवायची, म्हणजे नको असलेला शब्द कुठे सुरू होतो ते त्या घोगऱ्या घरघरीतून ओळखू येतं. तिथे पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीनं खूण. मग धातूच्या ठोकळ्यातल्या खाचेत टेप बसवून तिरका काप, ४५ अंशांचा. सरळ कापलं तर जोडावर ‘टक्’ ऐकू येतं. तिरक्या कापात एक आवाज ओसरता ओसरता दुसरा चढतो. ब्लेडमध्ये चुंबकत्व उतरलं असेल तरी टक् येतंच, म्हणून ते स्पीकरजवळ ठेवलं की ओरडा बसायचा.

कापलेला तुकडा फेकायचा नाही. गळ्यात अडकवायचा. कार्यक्रम अधिकाऱ्यांचं मन बदललं तर परत जोडायला लागतो. संपादन करणारी माणसं दुपारी गळ्यात पाच-सहा वाक्यं घालून कॅन्टीनमध्ये चहाला यायची आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

जुनी टेप ॲसिटेटची. तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास यायचा. ती ताणली की कट्कन तुटे, आणि तुटली तिथंच बेमालूम जोडता येई. नंतरची पॉलिएस्टरची. ती तुटत नसे, लांब होई. लांब झालेला सूर परत आखूड होत नाही.

टेप उलटी ठेवण्याची पद्धत. म्हणजे कार्यक्रमाचा शेवट बाहेर, सुरुवात आत; वाजवण्याआधी परत गुंडाळून घ्यायची. टेप वर्षानुवर्षं कपाटात राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. सुरुवात बाहेर ठेवली तर गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत त्याच गाण्याची पहिली ओळ दुरून आल्यासारखी ऐकू येते. शेवट बाहेर ठेवला की ते भूत गाण्याच्या मागून येतं आणि मुख्य आवाजात झाकलं जातं. नव्या माणसाला हे कुणी समजावून सांगत नसे. डब्यावर लाल शाईत ‘शेवट बाहेर’ लिहिलेलं असे, ते पाळायचं.

बल्क इरेजर. शेगडीएवढा चुंबक. स्पूल वर ठेवून गोल फिरवायचं, तीस सेकंदांत १२०० फूट कोरे. टेप महाग, म्हणून सगळीकडेच ती पुसून पुन्हा वापरत. ‘जतन करावे’ असा शिक्का नसलेल्या डब्यांत किती आवाज गेले असतील, याचा विचार त्या खोलीत उभं राहून करायचा नाही, असा माझा मीच नियम केला होता.

नोकरी म्हणायची ती आपली. नव्वदीच्या सुरुवातीचं पुणं, शिवाजीनगरचं आकाशवाणी केंद्र, आणि मी नैमित्तिक उद्घोषक, बोलीभाषेत ‘कॅज्युअल’. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या. प्रत्येक ड्यूटीचा छापील करार, आणि करारावर सही भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीने. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा संध्याकाळी साडेपाच ते अकरा गाणी लावणार, एवढ्या कामासाठी एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला थेट राष्ट्रपती. आईनं पहिला करार देवापुढे ठेवला. १९९७ साली प्रसार भारती आली आणि करारातले राष्ट्रपती गेले.

पहाटेच्या सभेसाठी गल्लीत येणारी सरकारी गाडी. हॉर्न वाजवायची परवानगी नाही. ड्रायव्हर दिवे दोनदा उघडझाप करायचा.

‘सभा’ हे नाव. पहिली सभा, दुसरी सभा, तिसरी सभा. मधल्या वेळेत केंद्र बंद. रेडिओ बंद असू शकतो, ही कल्पनाच आता कुणाला सांगता येत नाही.

सभेच्या आरंभीची धून मात्र टिकली. वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची. हिटलरच्या युरोपातून निसटून तो मुंबईला आला होता, आणि तिथल्या केंद्रावर पाश्चात्य संगीत बघत होता. पहाटे रिकाम्या इमारतीत ती लावायची म्हणजे केवढं काम, असं वाटायचं. करायचं काय, तर एक बटण दाबायचं.

त्यानंतरची उद्घोषणा: ७९२ किलोहर्ट्झ, अर्थात ३७८ पूर्णांक ८ दशांश मीटर. मीटर गेले. रेडिओच्या तबकडीवरची काटा सरकवायची जागा गेली, म्हणून तेही गेले.

टर्नटेबल, दोन. एक वाजतंय तोवर दुसऱ्यावर पुढची तबकडी तयार ठेवायची. सुई खाचेत टेकवून गाण्याचा पहिला ठोका सापडेपर्यंत हातानं फिरवायची, सापडला की अर्धा वेढा मागे. तेवढा अर्धा वेढा तबकडीला वेग घ्यायला लागतो. नाहीतर गाणं खर्जातून वर चढत उघडतं. ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी असेल तर सुई वेगळी, जाड टोकाची. बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते. लाखेच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटं मावतात. गजानन वाटव्यांच्या पिढीचं भावगीत एवढ्याच मापाचं का, त्याचं उत्तर पुष्कळ समीक्षकांनी रसिकतेत शोधलं. मला ते तबकडीच्या व्यासात सापडलं.

ईपी, एलपी आणि त्यांचे नंबर. ईएएलपी, ईसीएलपी, ७ ईपीई. ग्रंथपाल बाईंना गाण्याचे शब्द सांगितले तर त्या चष्म्यावरून बघायच्या. “नंबर बोल रे.” नंबर बोललं की न बघता हात कपाटातल्या नेमक्या जागी.

क्यू शीट. कार्बन घालून तीन प्रती: एक उद्घोषकाला, एक कंट्रोल रूमला, एक ड्यूटी ऑफिसरला. त्यावर गाणं, गायक, गीतकार, संगीतकार, तबकडीचा नंबर, बाजू, कितवा पट्टा, मिनिटं, सेकंद. संध्याकाळी मनगटाला निळा कार्बन लागलेला असे.

न टाचलेली पानं. स्टुडिओत टाचणी निषिद्ध, कारण पान उलटलं की मायक्रोफोनला ऐकू येतं. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं. मी अजून बँकेचे कागद तसेच सरकवतो.

स्टुडिओतलं घड्याळ. सकाळी ठरल्या मिनिटाला प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांचा आवाज आला की पुण्यात शाळेच्या डब्यांची झाकणं लागायची. त्या मिनिटाच्या अलीकडे गाणं संपायला हवं, आणि गाणं तसं कधीच संपत नाही. म्हणून मागून मोजायचं. ३ मिनिटं ४० सेकंदांचं गाणं, ८ सेकंदांची उद्घोषणा, १० सेकंदांचा निरोप. उरली ३२ सेकंदं. तिथे फिलर.

फिलर. सतार, बासरी, कधी वाद्यवृंद. नाव सांगायचं नाही, मध्येच सुरू करायचं, मध्येच आवाज उतरवत न्यायचा. ऐकणाऱ्यांनी आयुष्यभरात कितीतरी तास हे संगीत ऐकलं आणि वाजवणाऱ्याचं नाव त्यांना कधी कळलं नाही. मला ही चूक वाटे. एका ज्येष्ठ उद्घोषिकेला तसं बोललोही. त्या म्हणाल्या, “अरे, नाव सांगायला वेळ असता तर फिलर कशाला लावला असता?”

शांतता. तिची नोंद व्हायची. हवेत काही सेकंद काहीच गेलं नाही की लॉगबुकात वेळ, कारण आणि सही. आता संगणक शांतता जाणवली की स्वतःच पुढचं गाणं सोडतो. लॉगबुकातला ‘कारण’ हा रकाना मोठा वाचनीय असे.

वाद्यांची खोली. तंबोरे गवसणीत, भिंतीशी ओळीनं. एक वाद्य तिथे उशिरा आलं. १९४० साली हार्मोनियमला आकाशवाणीवर बंदी घातली गेली, ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सैल झाली. सरकारी कारण असं की पेटीचे सूर पक्के बांधलेले, त्यातून मींड निघत नाही. पुढे सिनेसंगीतही असंच खटकलं; बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाल्यावर ते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालं आणि श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. त्यांना परत आणायला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. आमच्या पिढीला दोन्ही बंदींचे फक्त किस्से मिळाले. पण ड्यूटीवर हिंदी गाणं लावताना जुने लोक अजून थोडे अवघडायचे, ते दिसत असे.

हडपसर. आवाज शिवाजीनगरला निघायचा आणि सुटायचा हडपसरच्या मनोऱ्यावरून. तिथल्या बसथांब्याचं नावही आकाशवाणी. रात्री मध्यम लहरी लांब जातात: दिवसा वातावरणाचा जो थर त्या शोषून घेतो तो सूर्य मावळल्यावर विरतो, आणि लहरी वरून परावर्तित होऊन कुठल्या कुठे उतरतात. दूरदेशीचे छंदिष्ट श्रोते अशी केंद्रं पकडतात, काय ऐकलं ते तारीखवार लिहून धाडतात आणि पोच म्हणून क्यूएसएल कार्ड मागतात. भाषेचं अक्षर कळत नसताना ‘पुरुषाचा आवाज, मग बाईचं गाणं, मग घंटा’ असं टिपणारा श्रोता मला सगळ्यांत निष्ठावान वाटतो. एफएमला ही रात्र नाही. तिची लहर सरळ जाते आणि क्षितिजाशी थांबते.

पोस्टकार्डं. ‘आपली आवड’ या फर्माइशींच्या कार्यक्रमासाठी पोत्यानं. तेव्हाच्या बिहारातल्या झुमरी तलैय्या या अभ्रकाच्या गावानं फर्माइशी पाठवून देशभर नाव कमावलं. आपल्याकडेही तालुक्यातालुक्यात श्रोता संघ होते. एका कार्डावर बारा-पंधरा नावं, घरातलं तान्हं मूल धरून. ती सगळी वाचायची. एखादं गाळलं तर आठवड्यानं त्याच हस्ताक्षरात दुसरं कार्ड यायचं, आणि गाळलेलं नाव सर्वांत वर, ठळक. काही गावांत माणसांना स्वतःचं नाव पहिल्यांदा छापील नव्हे तर बोललेलं, परक्या तोंडून शुद्ध उच्चारलेलं, असं रेडिओवरच भेटलं असेल.

वर म्हटलेल्यांपैकी बहुतेक गोष्टी गेल्याचं मला दुःख नाही. स्पूल जड असे. कार्बननं शर्ट खराब व्हायचे. तिरका काप जमेपर्यंत बोटं कापायची. संगणकावर तेच काम चहा गार व्हायच्या आत होतं आणि चुकलं तर पूर्ववत करता येतं. गळ्यात वाक्यं घालून फिरावं लागत नाही. १९९३ साली मुंबईत एफएमच्या वेळा खाजगी कंपन्यांना मिळाल्या, २००१ पासून स्वतंत्र खाजगी केंद्रं आली, आणि उद्घोषक आरजे झाले. त्यातले कितीतरी आमच्यापेक्षा हजरजबाबी आहेत. आम्ही लिहून आणलेलं वाचायचो.

एकच गोष्ट सोडून. गीत, संगीत, स्वर.

गाण्याआधी तिन्ही नावं घ्यायची, हा दंडक होता. मोहित्यांची मंजुळा, मराठा तितुका मेळवावा, साधी माणसं, तांबडी माती, यांतली गाणी लावताना लेबलवर जसं असेल तसं म्हणायचं: संगीत, आनंदघन. हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे माझ्या काळात सगळ्यांना ठाऊक झालेलं होतं. तरी ‘हे आनंदघन कोण?’ असं विचारणारं कार्ड अधूनमधून यायचंच. म्हणजे कुणीतरी ते नाव ऐकलं होतं. ‘गीत, जगदीश खेबूडकर’ किंवा ‘गीत, शांता शेळके’ हे शब्द हजारो वेळा ऐकून, एक ओळही वाचलेली नसताना, लोक कवींना नावानं ओळखत. रिक्षावाले ओळखत. माझी आजी पी. सावळारामांना आडनावाशिवायही ओळखायची आणि त्यांचं आडनाव पाटील आहे हे कळल्यावर तिला जरा धक्काच बसला होता.

आता मोबाइलच्या पडद्यावर गाण्याचं नाव, गायकाचं नाव आणि सिनेमाचं चित्र. गीतकार शोधायचा तर तीन ठिपक्यांवर बोट दाबून आत जावं लागतं; तिथेही तो असेलच असं नाही. गेल्या महिन्यात खाजगी केंद्रावर काम करणाऱ्या एका मुलीला मी विचारलं, गीतकाराचं नाव का घेत नाही? ती चांगली मुलगी आहे, तिनं खरं उत्तर दिलं. म्हणाली, “काका, लिंकला एवढाच वेळ असतो, त्यात शहराचं, ट्रॅफिकचं, स्पॉन्सरचं नाव बसवायचं असतं.” जाहिरातीचा दर दहा सेकंदांवर ठरतो. तिन्ही नावं न धावता सांगायला लागतात सात सेकंद; जुन्या मापानं साडेबावन्न इंच.