बिडाच्या खांबांवरची इमारत

बिडाचा तवा वर्षानुवर्षे चुलीवर तापतो, त्याला काही होत नाही. पण हातातून फरशीवर पडला की तडा गेलाच म्हणून समजा. बिडाचा स्वभावच तसा. लोखंडात कार्बनचे प्रमाण दोन टक्क्यांहून जास्त असले की ते वितळून साच्यात सहज वाहते आणि हवा तो आकार घेते. थंड झाल्यावर मात्र ठिसूळ बनते. उर्दूत त्याला ढलवाँ लोहा म्हणतात, मराठी पुस्तकांत ओतीव लोखंड. वरून कितीही भार ठेवा, ते पेलते. ओढले किंवा वाकवले तर तुटते. एवढे लक्षात ठेवले की मुंबईतल्या काळा घोड्याजवळच्या एका इमारतीची कहाणी नीट समजते.

ही इमारत म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, पूर्वीचे वॉटसन हॉटेल. जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्याने ती बांधून घेतली. किल्ल्याची तटबंदी पाडून झाली होती आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवी मुंबई उभी राहत होती. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या प्रचंड छपराच्या कामातही त्याचा हात होता. लोखंडी भाग इंग्लंडमध्ये तयार झाले, जहाजात भरले गेले आणि इथे आणून जोडले गेले. १८६७ ते १८६९ असे हे काम चालले. सुएझ कालवा खुला झाला तो १८६९ च्या नोव्हेंबरात. म्हणजे असा अवजड माल तोवर आफ्रिकेला वळसा घालूनच येत असे.

या पाच मजली इमारतीचे वैशिष्ट्य असे की भार भिंतींवर नाही. लोखंडी सांगाडा सगळे पेलतो. भिंती केवळ आडोशाला. आजचे टॉवर याच तत्त्वावर उभे आहेत. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली ती इथेच, तिकीट एक रुपया. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तेव्हा पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळे बॉक्स राखले होते.

हॉटेल बंद पडले आणि मोठ्या दालनांच्या लहान लहान खोल्या झाल्या. कोर्ट जवळ असल्याने वकिलांनी तिथे ऑफिसे थाटली. आमचे अब्बा अशाच एका ऑफिसात टायपिस्ट होते. ते सांगत, दरवर्षी एखादे नवे पार्टिशन, एखादा पोटमाळा वाढायचा; गळती थांबवायची मात्र कोणाची जबाबदारी, हे कधीच ठरायचे नाही. मालक भाड्याकडे बोट दाखवी, भाडेकरू मालकाकडे.

पाणी मुरले की लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे सांधे आतून फाकतात. घडीव लोखंड अशा वेळी निदान वाकून इशारा देते. बीड इशारा देत नाही, थेट तडकते. २००५ च्या पावसाळ्यात इमारतीचा काही भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. मग तज्ज्ञांतच वाद झाला: काहींच्या मते पाडावी, काहींच्या मते वाचवता येईल.

हा वाद आमच्या दस्तरखानावरही झाला. मुले म्हणाली, एवढी जुनी लोखंडी इमारत पाडली तर पुन्हा पाहायची कुठे? अब्बा म्हणाले, "बेटा, खाली माणूस चिरडला तर तुमचा वारसा पाहणार कोण?" दोघांचेही आम्हाला पटते. पण माणूस की इमारत, असा पेच मुळात पडलाच का, हेही विचारायला हवे. सुटे भाग जोडून उभ्या केलेल्या सांगाड्याचा फायदाच हा की खराब झालेला भाग काढून तसाच दुसरा ओतून बसवता येतो. वेळेवर रंग, गळती बंद आणि वाढीव बोजा नको, एवढे पाळले तर बीड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. उशीर झाला की मगच माणूस आणि इमारत यांतून एकाची निवड करावी लागते.

आपल्यापैकी अनेकांची घरे आणि दुकाने भेंडी बाजार, डोंगरी, नळ बाजार भागांतल्या जुन्या पागडीच्या इमारतींत आहेत. तिथेही तुळया आहेत, तिथेही पोटमाळे आहेत. पावसाळ्यापूर्वी एकदा वर पाहा. छताला गंजाचे तांबूस डाग दिसतात का, प्लास्टर फुगले आहे का, मोरीचे पाणी तुळईवर तर झिरपत नाही ना? नवा माळा घालण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हे सगळ्या शेजाऱ्यांनी एकत्र बसून कोरड्या दिवसांतच ठरवा.