तिची साक्ष कोणी नोंदवली?

१/ एम.ए.च्या पहिल्या वर्षी बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इंडेम्निटी’ (१९४४) या चित्रपटावर मी टिपण लिहिले होते. पहिलेच वाक्य होते : ‘फिलिस वॉल्टरला जाळ्यात ओढते.’ बाईंनी समासात एवढेच लिहिले : ‘हे तुम्हांला कोणी सांगितले?’ आजचा धागा त्या प्रश्नाविषयी.

२/ मोहात पाडून पुरुषाचा घात करणारी स्त्री ही ‘फिल्म न्वार’ या काळोख्या अमेरिकी गुन्हेपटांची ठळक ओळख. बार्बरा स्टॅनविकने साकारलेली फिलिस तिचा जणू आदर्श नमुना.

३/ परंतु तिची कथा सांगतो कोण? विमा विक्रेता वॉल्टर नेफ. गोळी लागलेल्या अवस्थेत तो रात्री कार्यालयात येतो आणि डिक्टाफोनवर कबुलीजबाब नोंदवतो. आपल्याला दिसते ती फिलिस एका गुन्हेगाराच्या आठवणीतली.

४/ तोच कबुलीजबाब नीट ऐका. कंपनीला फसवण्याचा विचार वॉल्टरच्या मनात आधीपासूनच होता. मृत्यू आगगाडीच्या प्रवासात घडला असे भासवून दुप्पट भरपाई मिळवण्याची युक्ती त्याची. फिलिसच्या नवऱ्याचा जीव घेतो तोही वॉल्टरच; त्या क्षणी कॅमेरा मात्र फिलिसच्या चेहऱ्यावर खिळलेला असतो.

५/ जेम्स केन यांच्या मूळ कादंबरीमागे एक खरे प्रकरण होते. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर जड ग्रे यांनी रूथच्या नवऱ्याचा खून केला. ग्रे पूर्णपणे तिच्या कह्यात होता, असा बचाव त्याच्या वकिलांनी मांडला.

६/ १२ जानेवारी १९२८ रोजी सिंग सिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीत देहदंड झाला. एका छायाचित्रकाराने घोट्याला छुपा कॅमेरा बांधून रूथचा मृत्यू टिपला आणि तो वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर झळकला. शिक्षा दोघांना सारखीच झाली. जगाच्या स्मरणात उरले ते चित्र तिचे.

७/ रूथ निर्दोष नव्हती, फिलिसही नाही. तरीही सहआरोपीची साक्ष मी निकालपत्रासारखी उतरवून घेतली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही चूक शोभणारी नव्हती.

८/ टिपण पुन्हा लिहिले. पहिले वाक्य आता असे आहे : ‘फिलिसने आपल्याला जाळ्यात ओढले, असे वॉल्टर सांगतो.’