उतरून येणारे राज्य

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर चढले. पुढल्याच वर्षी कोरोनाची साथ आली आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर. त्या काळात कुटुंबभेटीला गेलो की आम्हांला एकच प्रश्न वारंवार विचारला जाई : "फादर, शास्त्रात सांगितलेले शेवटचे दिवस ते हेच का?" जगाच्या अंताचे गणित मांडणारी पत्रकेही काही घरांत आमच्या पाहण्यात आली.

भ्यालेल्या मनाला तारीख हवी असते. ख्रिस्तसभा ती देत नाही, कारण प्रभूनेच ती दिलेली नाही. तो दिवस आणि ती घटका केवळ पित्याला ठाऊक आहे, असे तो मार्कलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट सांगतो. तारखेऐवजी पवित्र शास्त्र आपल्यापुढे एक चित्र ठेवते. ते चित्र देवाच्या राज्याचे आहे.

प्रकटीकरणाचा ग्रंथ पहिल्या शतकाच्या अखेरीस आशिया मायनरमधील सात ख्रिस्तमंडळींसाठी लिहिला गेला. रोमच्या सम्राटाला देव मानण्याची सक्ती त्यांच्या डोक्यावर टांगलेली होती. त्या पीडितांना धीर देण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथाचा उपयोग भय पसरविण्यासाठी व्हावा, ही खेदाची गोष्ट होय. त्याच्या विसाव्या अध्यायातील हजार वर्षांच्या राज्यावरून तर किती तर्क लढविले गेले! संत ऑगस्टीन यांनी 'देवनगरी' या ग्रंथात त्या हजार वर्षांचा अर्थ प्रभूच्या दोन आगमनांमधील ख्रिस्तसभेचा काळ असा लावला. इतिहासाच्या आतच देवाचे राज्य पूर्णपणे उभारून दाखविण्याचा दावा कॅथोलिक शिकवण नाकारते, मग तो दावा धर्माच्या नावाने होवो की राजकारणाच्या.

परंतु खरा उलगडा एकविसाव्या अध्यायात होतो. तेथे पवित्र नगरी स्वर्गातून खाली उतरते. भक्तांना पृथ्वीवरून उचलून दूर नेले जात नाही. देवच माणसांत वस्तीला येतो. त्या नगरीच्या वेशी कधी बंद होत नाहीत आणि राष्ट्रे आपले वैभव घेऊन आत येतात. अर्थात, देवाला ही भूमी टाकून द्यायची नाही, ती नवी करायची आहे. म्हणून अंताची वाट पाहणे म्हणजे हातपाय गाळून आकाशाकडे पाहत राहणे नव्हे.

राज्य म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना निराळे समजावून द्यावे लागत नाही. ही गादीची नगरी. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि गादीची सत्ता संपली. पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली ख्रिस्तराजाचा सण सुरू केला, तेव्हा पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील मोठमोठी सिंहासनेही अशीच कोसळली होती. प्रत्येक सत्ता तात्पुरती असते, हे त्या सणाचे एक सांगणे आहे.

तरीही आमच्या नगरीत राजर्षी शाहू महाराजांचे नाव आजही घरोघर घेतले जाते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या साह्याने चहाचे हॉटेल काढले. शिवाशिवीमुळे गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः तेथील चहा पिऊ लागले. कोणत्याही राजाचे राज्य देवाचे राज्य नव्हे, शाहू महाराजांचेही नव्हे. पण त्या चहाच्या कपाने आपल्याला शुभवर्तमानाकडे नीट पाहता येते. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून लोक येतील व अब्राहामाच्या पंगतीला बसतील, असे प्रभूने मत्तयलिखित शुभवर्तमानात सांगितले. अंतिम न्यायाच्या वेळी राजा विचारतो तेही भुकेल्याला काय दिले, परक्याला घरात घेतले का, हेच. पत्रकांतील गणिते कोणाला पाठ आहेत, असे तो विचारीत नाही.

मग प्रश्न आपल्याकडे वळतो. वेदीपाशी आपण एकाच भाकरीचे वाटेकरी होतो. पण सोयरीक जुळविताना हळूच जात विचारली जाते ना? बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या लोटल्या तरी कोण कुठल्या वाड्यातला, याची नोंद मनात राहते ना? महापुराच्या दिवसांत ज्या मंगल कार्यालयांत आणि शाळांत लोक राहिले, तेथे कोणी कोणाची जात विचारून ताटे वाढली नाहीत. पाणी ओसरले आणि उंबरठे पुन्हा उंच झाले. वेशी बंद नसलेल्या नगरीची वाट पाहणाऱ्यांना हे शोभत नाही.

ख्रिस्ताच्या राज्याला अंत नाही, असे आपण दर रविवारी श्रद्धाप्रकटनात म्हणतो. इसवी सन ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेपासून ख्रिस्तसभा हे म्हणत आली आहे. जगाचा अंत कधी, या प्रश्नाने ज्यांची झोप उडते, त्यांनी या शब्दांवर मन स्थिर करावे. जे संपणार नाही त्याच्यासाठी घर तयार करणे आपल्या हाती आहे. ज्या शेजाऱ्याला आपण आजवर दारातूनच निरोप दिला, त्याला येत्या रविवारी मिस्सानंतर आपल्या ताटाजवळ बसवावे. देवाचे राज्य मागणाऱ्या ओठांना एवढे तरी जमले पाहिजे.