चांदीच्या सात डब्या

१९८५ साली जेथे मोठे विज्ञान-प्रदर्शन भरले, त्या त्सुकुबा गावी आमची मुलगी संशोधनाचे काम करते. नातवंडांपाशी राहावे म्हणून आम्ही जपानात आलो. सामानात आमच्या चांदीच्या सात डब्याही आल्या.

मैत्रिणी विचारतात, कसल्या डब्या? त्यांचे नाव व्हिनेग्रेट. दीडदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील स्त्रिया काडेपेटीहून लहान अशी डबी जवळ बाळगीत. झाकणाखाली नक्षीची जाळी, जाळीखाली सुगंधी व्हिनेगरात भिजवलेला स्पंज. घेरी आली किंवा रस्त्यात दुर्गंधी सुटली की हुंगायची. व्हिनेगरने चांदी खराब होते, म्हणून आतून सोन्याचा मुलामा. आमचा जन्म नर्सच्या नोकरीत गेला, तेव्हा ह्या वस्तूचा लळा लागला यात नवल नाही!

ह्या डब्यांची खरी गंमत त्यांच्या छापांत आहे. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. राजाचे किंवा राणीचे शिर म्हणजे कर भरला. ही खूण १७८४ ते १८९० पर्यंत मारीत. एका अक्षरावरून साल कळते. जहाजाचा नांगर ही बर्मिंगहॅमची खूण. तेथील चांदी तपासणारी कचेरी १७७३ साली सुरू झाली. गावाला समुद्र नाही, खूण मात्र नांगराची! तेथला नावाजलेला कारागीर नॅथॅनिएल मिल्स. झाकणावर किल्ले-वाडे उठवण्यात त्याचा हातखंडा.

येथे जून-जुलैत पावसाळा असतो. दमट हवेत चांदी लवकर काळवंडते. वज्रेश्वरीसारखे गंधकाचे ऊन झरे जपानात पुष्कळ. तेथे चांदीचा दागिना घालून उतरले तर तो काळा पडतो. डब्या काळ्या दिसल्या तशी मुलगी म्हणाली, "आई, पावडर लावून लख्ख करू या." आम्ही हात धरला. घासून घासून छाप झिजला की डबी कोणत्या गावची, कोणत्या सालची, हे कोण सांगणार?

आपल्या लोकांचेही असेच. पेणकर, रोहेकर, नवगावकर ह्या आडनावांतील 'कर' हाच आपला छाप. आमच्या नातीने कोकण पाहिलेले नाही. पण डबीवरचा नांगर भिंगातून दाखवला तेव्हा तिने आपणहून विचारले, "मग आपले गाव कोणते?" त्या रात्री कितीतरी वेळ आम्ही तिला गाव सांगत बसलो.

वाचक भगिनींनो, घरात किद्दुशचा जुना पेला असेल तर राखेने, पावडरीने घासू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती फडके पुरे. रबरबँड लावून ठेवू नका. त्यातही गंधक असते. आणि पेला एकदा उलटा करून मुलांना छाप दाखवा.