बाळाचं रक्त ठेवून घेतलं म्हणून

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी दौंडला आले होते. मुलगी झाली. रडणं अगदी बारीक. अंगावर घेतलं तरी दूध ओढायची नाही. हात उचलून सोडला की तसाच खाली पडायचा. टाळू खूप मोठी होती. आई म्हणाली, "तेल घालत जा, येईल भरून." पण कावीळही उतरेना. तेव्हा दौंडच्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलं.

पुण्यात आधी जंतुसंसर्ग, थायरॉइड असं सगळं तपासलं. तेवढ्यात एक गोष्ट नर्सच्या लक्षात आली. बाळाचे ओठ चोखल्यासारखे हलायचे आणि डोळे एकीकडे लागून राहायचे. भूक लागल्यासारखंच दिसतं ते. ते झटके होते. लहान बाळाला झटके येतात तेव्हा हातपाय उडतीलच असं नाही, हे लक्षात ठेवा.

मग जेनेटिक्सच्या मॅडम आल्या. पहिला प्रश्न, "लग्न नात्यातलं?" होय. शिरूरची माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. मॅडमनी कागदावर आमची वंशावळ काढली आणि बाळाचं रक्त एका खास तपासणीला पाठवलं. खूप लांब साखळीची फॅटी ॲसिड रक्तात साठलीत का, हे त्यात कळतं. ती साठलेली निघाली. आजाराचं नाव झेलवेगर सिंड्रोम.

मला समजलं ते असं. आपल्या पेशींत पेरॉक्सिझोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. ही लांब फॅटी ॲसिड तिथं मोडली जातात. मोडणारी एन्झाइम बाहेर तयार होतात आणि मग आत नेली जातात. आमच्याकडे ऊस भरलेले ट्रॅक्टर कारखान्याबाहेर उभे असावेत आणि गेटच उघडू नये, तसं हिचं झालं होतं. एन्झाइम आत पोचतच नव्हती. पिशव्या घडवायला आणि भरायला डझनभराहून जास्त जनुकं लागतात. या आजारात सगळ्यांत जास्त वेळा बिघडलेलं सापडतं ते पेक्स-वन. आमचंही तेच निघालं.

मूळ आजारावर उपचार नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. पण त्यांनी एक आग्रह धरला. बाळाच्या रक्तातून डीएनए काढून ठेवायचा आणि जनुकाची तपासणी आत्ताच करायची. घरचे म्हणाले, "बरं होणार नाही तर लेकराला कशाला टोचायचं?" मलाही क्षणभर तसंच वाटलं. तरी मी सही केली.

बाळाला घेऊन मी माहेरीच राहिले. शिरूरहून पुण्याला नगर रोडने निघालं की वाघोलीत गाडी अडकते. दौंडहून रेल्वे बरी. नर्सने नाकातल्या नळीने दूध द्यायला शिकवलं होतं. आधी नळी जागेवर आहे का बघायचं, डोकं उंच ठेवायचं, घाई करायची नाही. या शिकवण्याचा मला औषधांपेक्षा जास्त आधार झाला. रक्त गोठावं म्हणून व्हिटॅमिन के आणि झटक्यांचं औषध चालू होतं. तिला नीट ऐकू येत नव्हतं, तरी आई अंगाई म्हणायची. वर्षाच्या आत ती गेली.

जनुकाचा रिपोर्ट नंतर आला. एकच बदल दोन्हीकडून आलेला, एक माझ्याकडून, एक नवऱ्याकडून. तोवर शिरूरला "सुनेच्या अंगात काहीतरी आहे" अशी कुजबुज होती. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की वाहक दोघंही आहेत, आणि वाहकाला स्वतःला काही होत नाही. मला हायसं वाटलं. अशा वेळी हायसं वाटल्याची लाजही वाटली.

प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच वारेचा बारीक तुकडा काढून तपासला. बाळात नेमका कोणता बदल शोधायचा हे लॅबला आधीच माहीत होतं, म्हणून थेट तोच शोधता आला. पहिलीचा रिपोर्ट नसता तर नुसतं अंधारात चाचपडणं झालं असतं. गर्भलिंगनिदान कायद्यामुळे आधी बरेच फॉर्म भरून घेतात, त्यासाठी कागदपत्रं सोबत ठेवावीत. रिपोर्ट येईपर्यंत मी कुणालाच दिवस गेल्याचं सांगितलं नव्हतं. बाळ वाहक निघालं, आमच्यासारखंच. मुलगा झाला, आता तो अंगणात धावतो.

दरम्यान घरात साटंलोटं ठरत होतं. माझा भाऊ आणि माझी नणंद. मी दोघांना तपासायला लावलं. भाऊ वाहक निघाला, नणंद नाही. म्हणजे त्यांच्या मुलांना हा आजार होणार नव्हता. पण सख्ख्या आत्ते-मामेभावंडांत दुसरंही एखादं बिघडलेलं जनुक दोघांकडे सारखंच असू शकतं, असं मॅडम म्हणाल्या. भावाने नकार कळवला. नणंदेला त्याचं वाईट वाटलं नाही, तिला पुण्यात नोकरी करायची होती. आत्या मात्र अजून विचारते, "रिपोर्ट तर चांगला आला होता ना गं?"