विरळणी टाळलेला वाफा

बीट काय, कुठंही येतं, या समजुतीनं ऑक्टोबरात पुण्यातल्या आमच्या परसात दोन जुने वाण लावले. एक डेट्रॉइट डार्क रेड, १८९२ पासून चालत आलेला आणि आपल्याकडेही सहज मिळणारा. दुसरा किओज्जा, व्हेनिसजवळच्या त्याच नावाच्या कोळ्यांच्या गावचा. कापला की आत पांढरी-गुलाबी कडी दिसतात, म्हणून तर हौसेनं बी मागवलं.

बीटचं ते खडबडीत बी म्हणजे एक बी नव्हेच. दोन-चार बिया चिकटून वाळलेलं फळ. टाकाल एक, उगवतात तीन. मी मेथीसारखं मुठीनं फेकलं. वाफा गच्च भरला, शेजारणी कौतुक करून गेल्या, मग रोपं उपटायला जीव होईना. विरळणी करून चार बोटांचं अंतर ठेवा, असं पाकिटावर छापलेलं होतं, वाचलंही होतं. वर वाढ जोमदार व्हावी म्हणून युरिया दिला. पाला गुडघ्याला लागला आणि खाली उंदराच्या शेपटीएवढी मुळं! पाला वाया गेला नाही म्हणा. आपला पालक बीटच्याच जातीतला (विलायती स्पिनॅच वेगळी), त्यामुळे पीठ पेरून भाजी छान झाली.

पुढच्या हिवाळ्यात मन घट्ट करून उपटलं, युरिया बंद केला आणि मुठीएवढे कंद आले. मग स्वयंपाकघरात माती खाल्ली. कडी दाखवायला मुद्दाम पाहुणे बोलावले आणि किओज्जाची सालं काढून, फोडी करून कुकर लावला. बीटचा रंग पाण्यात उतरतो. झाकण काढलं तर पाणी गुलाबी, फोडी फिक्कट. वहिनींनी विचारलं, “दुधी आहे का हो?”

डेट्रॉइट उकडायचा तर सालासकट, देठाचं पेर आणि शेपूट न कापता. साल नंतर बोटानंच निघतं. मग दही, दाण्याचं कूट, वर हिंग-मिरचीची फोडणी. किओज्जाची कडी मात्र अख्खा उकडला तरी पुसट होतात. तो कच्चाच पातळ चिरावा, लिंबू पिळावं.

जुना वाण लावायचा तर बी घरचं धरता आलं पाहिजे. त्यासाठी काही कंद जमिनीतच राखले. एप्रिल आला तरी तुरा नाही, कंद मात्र चोथट झाले. कित्येक आठवडे कडक थंडी मिळाल्याशिवाय बीट फुलत नाही, आणि पुण्याची थंडी त्याच्या खिजगणतीत नाही. म्हणून गेल्या हंगामातले निवडक कंद पाला छाटून, ओलसर वाळूत घालून फ्रीजमध्ये ठेवलेत. दिवाळीनंतर लावीन. अडचण एकच. सासूबाई दरवर्षी पालक बियांसाठी राखतात, आणि पालक नि बीट दोघांचे पराग वाऱ्यावर जातात; संकर ठरलेला. पालक फुलायच्या आत उपटा, हे त्यांना कोणी सांगायचं यावरून घरात सध्या चर्चा चालू आहे. नवऱ्यानं अंग काढून घेतलंय.